घराण्यातून आलेलं कोलेस्टेरॉल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, सासर निपाणीकडचं. चार वर्षांपूर्वी, वयाच्या ३८ व्या वर्षी, माझं एलडीएल, म्हणजे ज्याला ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल, २६८ आलं आणि ते घराण्यातून आलेलं असल्याचं कळलं. डॉक्टर त्याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, थोडक्यात एफएच. तेव्हापासून नात्यातले, शाळेतले, ओळखीच्या ओळखीचे लोक फोन करून विचारतात. तेच प्रश्न इथे लिहिलेत. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. गोळी सुरू करणं, बदलणं, थांबवणं हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.

आमच्यात कुणी जाड नाही. वडील माळकरी, अंडंसुद्धा खाल्लं नाही कधी. मग हे आलं कुठून?

माझे वडीलही माळकरीच होते. दरवर्षी पायी पंढरपूरला जायचे, अंगावर मांस नव्हतं. ४४ व्या वर्षी शेतातून येऊन ओसरीवर बसले आणि गेले. तेव्हा सगळे म्हणाले, एवढ्या पुण्यवान माणसाला असं कसं झालं?

कोलेस्टेरॉल फक्त ताटातून येत नाही, बरंचसं आपलं शरीरच तयार करतं. रक्तात फिरणारं एलडीएल पकडून आत ओढायचं काम यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर करतात. आपल्याकडच्या माणसाला साखर कारखान्याचं उदाहरण लगेच पटतं. कारखान्याला दोन गव्हाणी आहेत आणि एक बंद पडली, तर ऊस तेवढाच येतो पण आत जात नाही. ट्रॉल्यांची रांग गेटच्या बाहेर, मग रस्त्यावर. एफएचमध्ये हेच होतं. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन जनुकांपैकी एक बिघडलेलं असतं, त्यामुळे रिसेप्टर निम्म्यानंच काम करतात. एलडीएल रक्तात तुंबतं आणि वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांच्या आत साचत राहतं. हे जन्मापासून चालू असतं, चाळिशीत सुरू होत नाही. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनी हे रिसेप्टर शोधून काढले आणि १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. तो शोध लागला तो याच आजाराच्या मुलांच्या त्वचेच्या पेशी तपासताना.

म्हणून सांगते, वडिलांच्या खाण्यात खोट नव्हती. तुमच्याही नाही.

हा आजार फार दुर्मिळ आहे का?

नाही. जगभरचे अभ्यास साधारण २५० ते ३०० माणसांत एक असं सांगतात. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाखांच्या वर होती. तेच प्रमाण इथे धरलं तर एकट्या या जिल्ह्यात पंधरा हजारांवर माणसं होतात. त्यातल्या बहुतेकांना आपल्याला हे आहे याचा पत्ताच नसतो.

कुठला आकडा आला की संशय घ्यायचा?

मोठ्या माणसाचं एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल, तर घराण्यातलं असू शकतं हे मनात धरायचं. लहान मुलांत १६० च्या वर आणि घरात कमी वयातल्या हृदयविकाराचा इतिहास असेल तर तसंच. रिपोर्टवर ‘टोटल कोलेस्टेरॉल’ मोठ्या अक्षरांत असतं. तुम्ही एलडीएलची ओळ बघा. थायरॉइड कमी असणं, किडनीतून प्रथिनं जाणं, यकृतातला पित्ताचा अडथळा, काही औषधं यांनीही एलडीएल चढतं, म्हणून डॉक्टर आधी तेही तपासतात. जनुकाची चाचणी झाली तर उत्तमच, पण ती झाली नाही म्हणून उपचार अडत नाहीत. आकडा, घरचा इतिहास आणि अंगावरच्या खुणा यांवरून निदान करता येतं.

जमलं तर एकदा लायपोप्रोटीन-ए ही वेगळी चाचणीही करून घ्या. तीही बरीचशी आनुवंशिक असते, आणि ती वाढलेली असेल तर धोका आणखी चढतो. आयुष्यात एकदा पुरते.

अंगावर काय खुणा दिसतात?

सगळ्यांना दिसत नाहीत. दिसल्या तर तीन ठिकाणी बघा. टाचेच्या वर मागून जाणारी जाड शीर, घोडशीर, गाठाळ किंवा जाड झालेली. हाताच्या बोटांच्या सांध्यांवर, मागच्या बाजूला, कडक गाठी. आणि डोळ्यात बुबुळाच्या कडेनं पांढुरकं कडं. म्हाताऱ्या माणसांत असं कडं पुष्कळदा असतं, पण पंचेचाळिशीच्या आत दिसलं तर तपासणी करायलाच हवी. पापण्यांवर पिवळट चट्टे येतात, ते इतर कारणांनीही येतात.

वडिलांच्या दोन्ही टाचांवर गाठी होत्या. ते अथणीची चप्पल वापरायचे, आणि नवी चप्पल घासून गाठ आली असंच घरात सगळे समजायचे. आई रात्री तिथं कोमट तेल चोळायची. मीही लहानपणी चोळलंय. हाताखाली ती गाठ सुपारीसारखी लागायची, दाबली तरी दुखायची नाही. मला निदान झालं त्या दिवशी डॉक्टरांनी माझी टाच दोन बोटांत धरून बघितली आणि मला एकदम ती गाठ आठवली. वीस वर्षांपूर्वी कुणी ती ओळखली असती तर, हा विचार मी अजून पूर्ण करू शकत नाही.

एवढी वर्षं डॉक्टरांकडे जात होतो, कुणीच कसं सांगितलं नाही?

माझाही रिपोर्ट ३१ व्या वर्षी एकदा वाढलेला आला होता. ‘तेलकट कमी करा, चाला’ एवढंच सांगून परत पाठवलं. वडील कितव्या वर्षी गेले, हे कुणी विचारलं नाही, आणि मला सांगायचं सुचलं नाही. म्हणून आता मी सगळ्यांना म्हणते, दवाखान्यात शिरल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: ‘आमच्या घरात अमुक माणूस अमुक वयात हार्टनं गेला.’ पुरुष ५५ च्या आत किंवा बाई ६५ च्या आत असेल तर ती माहिती आकड्याइतकीच मोलाची आहे.

काहीच त्रास नाही, तरी धोका किती?

उपचार न घेतलेल्या पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. बायकांपैकी सुमारे ३० टक्क्यांना साठीच्या आत. हे आकडे वाचून घाबरायला होतं, मलाही झालं. पण ते ‘उपचार न घेतलेल्यांचे’ आहेत. लवकर गोळी सुरू करून एलडीएल खाली ठेवणाऱ्यांचं आयुष्य इतरांसारखंच जाऊ शकतं.

मुलांचं रक्त तपासायचं का? एवढ्या लहान वयात?

हो. आईला किंवा वडिलांना एफएच असेल तर प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, ५० टक्के शक्यता असते. एकाला आलं म्हणून दुसरा सुटला असं नाही, प्रत्येक वेळी नाणं नव्यानं उडतं. ज्याला आलं नाही त्याच्या पुढच्या पिढीत ते त्याच्याकडून जात नाही.

तपासणी साधारण पाच ते दहा वर्षांच्या दरम्यान करावी. पहिल्या तपासणीला उपाशीपोटी जाण्याची बहुधा गरज नसते. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी जास्त आली तर मग उपाशी परत बोलावतात. गरज असेल तर आठ-दहा वर्षांपासून मुलांनाही स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी देतात, मुलांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. माझ्या मुलाचं बाराव्या वर्षी २१४ आलं, मुलीचं ९२. मुलगा म्हणाला, ‘म्हणजे मी आजोबांसारखा?’ मी म्हटलं, ‘डोळे आजोबांचे, नाक आजोबांचं, हेही त्यांचंच. फक्त त्यांच्याकडं गोळी नव्हती, तुझ्याकडं आहे.’

भावकीत कसं सांगायचं? लोक म्हणतात, आमच्यावर का घालतेस?

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात हेच सर्वांत अवघड आणि हेच सर्वांत महत्त्वाचं. एका माणसाचं निदान झालं की सख्खी भावंडं, आई-वडील, मुलं, आणि मग ज्या बाजूनं आलंय त्या बाजूचे काका-आत्या किंवा मामा-मावश्या, या सगळ्यांचं रक्त तपासायला हवं. एवढ्याशा तपासणीनं एका घरात चार-पाच माणसं सापडू शकतात. तुमचा रिपोर्ट तुमच्या एकट्याचा नाही.

आपल्या सीमाभागात नाती दोन राज्यांत पसरलेली असतात. माझी एक आत्या चंदगडला, एक गडहिंग्लजला, काका बेळगावात वडगावला, चुलतबहीण कागवाडला. एकत्र सगळे भेटतात ते गावच्या यात्रेला किंवा तेराव्याला. तेराव्याला मी हे बोलले नाही, बोलूही नये. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे पाठवलं, तुम्हाला हवं तर घ्या:

‘सगळ्यांना नमस्कार. माझ्या रक्तात घराण्यातून आलेलं जास्त कोलेस्टेरॉल सापडलंय. ते खाण्यापिण्यामुळं नाही, जन्मापासून असतं. आपल्यापैकी कुणालाही असू शकतं, बारीक माणसालाही. कृपा करून एकदा लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी, करून घ्या आणि एलडीएलचा आकडा मला कळवा. लहान मुलांचंही करा. यावर औषध आहे. कुणाचा दोष नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. आत्यांनी पहिला फोन केला तो ‘म्हणजे आमच्या आईकडनं आलं म्हणतेस काय?’ असं विचारायला. बायकांच्या माथी असले बोल पटकन येतात. ‘या घरात हे आणलं कुणी’ हा प्रश्न विचारूच देऊ नका. जनुक कुणी निवडून देत नाही.

आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न करतात. चालेल का?

इकडे मामाची मुलगी करणं हे हक्काचं मानतात, काही घरांत सख्ख्या भाचीशीही लग्न होतं. म्हणून हे स्पष्टच लिहिते.

दोघांपैकी एकालाच एफएच असेल तर मुलांना ५० टक्के शक्यता, बाहेरच्या लग्नात असते तेवढीच. पण एकाच आजी-आजोबांकडून दोघांनाही ते आलेलं असेल, तर प्रत्येक मुलात २५ टक्के शक्यता अशी की दोन्ही जनुकं बिघडलेली. कारखान्याच्या दोन्ही गव्हाणी बंद. अशा बाळाचं एलडीएल बहुधा ४०० च्या वर असतं, शाळेच्या वयात कोपरांवर, गुडघ्यांवर पिवळ्या गाठी येतात, आणि उपचार झाला नाही तर विशीच्या आत हृदयविकार होऊ शकतो. असं मूल लाखांत एखादं. पण नात्यातल्या लग्नांत आणि एफएच असलेल्या घराण्यात ती शक्यता कितीतरी वाढते. त्यावर साध्या गोळ्या पुरत नाहीत, काहींना रक्तातून एलडीएल गाळून काढण्याची प्रक्रिया करावी लागते.

लग्न मोडा असं मी म्हणत नाही. सुपारी फोडण्याआधी दोघांचं लिपिड प्रोफाइल करा. पत्रिका बघायला आपण जेवढा वेळ देतो त्याच्यापेक्षा हे कमी वेळात होतं. दोघांनाही निघालं तर लग्नाचा विचार करण्याआधी जनुकतज्ज्ञाला भेटा.

मुलीला आहे हे सोयरिकीत सांगायचं का?

सांगायचं, असं माझं मत. गोळी लपवून घेणारी सून कधीतरी गोळी सोडते, आणि मग खरा धोका सुरू होतो.

गोळी एकदा सुरू केली की जन्मभर? सवय लागते का?

जन्मभर, हो. सवय म्हणून नव्हे. जनुक जन्मभर तसंच राहतं म्हणून. चष्मा काढला की अक्षरं पुन्हा पुसट दिसतात, तसंच हे.

मीही ही चूक केलीय. सहा महिन्यांत माझं एलडीएल ९८ वर आलं. सासूबाईंना आनंद झाला, ‘आलं की खाली, आता सोड गोळी’ म्हणाल्या. मी तीन महिने सोडली. परत २५९. तेव्हापासून पाकीट दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवते. अॅटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन दिवसाच्या कुठल्याही वेळी घेता येते, रोज तीच वेळ असली म्हणजे झालं.

या गोळ्यांचा उगम जपानमधला. अकिरा एंडो या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात एका बुरशीतून पहिलं स्टॅटिन वेगळं काढलं, आणि १९८७ मध्ये अमेरिकेत पहिली गोळी मंजूर झाली. इतकी वर्षं, कोट्यवधी माणसांनी घेतलेलं औषध आहे हे. यकृताचे एन्झाइम कधी थोडे वाढतात, म्हणून सुरुवातीला डॉक्टर रक्त तपासतात. ज्यांना मधुमेह होण्याच्या बेतात असतो त्यांची साखर थोडी चढू शकते. किडनी खराब होते ही भीती मात्र मनातून काढून टाका.

अंग दुखलं तर? सांगा, दडपू नका. बहुतेक वेळा दुखणं दुसऱ्या कशाचं असतं, आणि खरंच गोळीचं असेल तर गोळी बदलून, डोस बदलून मार्ग निघतो. लघवी गडद, चहासारखी झाली आणि अंग फार दुखत असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि दुसऱ्या आजारासाठी अँटिबायोटिक किंवा बुरशीच्या संसर्गावरचं औषध देतील तेव्हा ‘मी स्टॅटिन घेते’ हे आठवणीनं सांगा, काहींशी जुळत नाही.

आकडा कुठवर खाली हवा?

कमीत कमी निम्म्यावर, आणि हृदयाचा त्रास झालेला नसेल तर साधारण ७० च्या खाली. त्रास होऊन गेला असेल किंवा मधुमेहासारखी जोड असेल तर ५५ च्या खाली. एका गोळीनं पुष्कळांचं तिथवर येत नाही; मग इझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडतात, त्यानं आणखी पंधरा-वीस टक्के उतरतं. तेवढ्यानं भागलं नाही तर इंजेक्शनं आहेत: इव्होलोक्युमॅब, अॅलिरोक्युमॅब पंधरा दिवसांनी किंवा महिन्यानं, आणि इन्क्लिसिरॅन सुरुवातीच्या दोन डोसांनंतर सहा महिन्यांतून एकदा. ती महाग आहेत, सगळ्यांना परवडत नाहीत, आणि सगळ्यांना लागतही नाहीत.

कुंदा, करदंट, तूप, मटण... सगळं बंद?

आहारानं एलडीएल दहा-पंधरा टक्के उतरतं. २६० चं २२५ होईल, ७० होणार नाही. म्हणून ‘गोळी नको, मी पथ्य करतो’ हे एफएचमध्ये चालत नाही. पण गोळीबरोबर पथ्याचा उपयोग होतोच.

ज्वारीची भाकरी, डाळी, भाज्या, मूठभर शेंगदाणे, शेंगतेल बेतानं, हे आपलं रोजचं जेवण चांगलंच आहे. कमी करायचं ते तूप, लोणी, साय, डालडा, पामतेलात तळलेलं, बेकरीची खारी आणि टोस्ट, पांढऱ्या रश्श्यातलं नारळाचं दूध, मटणाची चरबी. बेळगावचा कुंदा आटवलेल्या दुधाचा, तो सणाला चमचाभर. बाहेरगावचे पाहुणे किलोभर घेऊन जातात, आपण रोज खात नाही, एवढं पुरे. इसबगोल पाण्यातून घेतला तर एलडीएल थोडं उतरायला मदत होते.

अर्जुनाचा काढा, लसूण, गुग्गुळ?

लसूण भाजीत घाला. गुग्गुळाचा अमेरिकेत २००३ मध्ये नीट प्रयोग झाला होता, एलडीएल उतरलं नाही, उलट किंचित वाढलं. काढ्यावर विसंबून गोळी सोडलेली माणसं मी पाहिली आहेत. तसं करू नका.

तंबाखू?

आमच्या निपाणीच्या मातीत तंबाखू पिकतो, किती घरांची चूल विड्यांवर चालते हे मला माहीत आहे. तरी लिहिते: एफएच आणि तंबाखू एकत्र म्हणजे आगीजवळ रॉकेल. विडी, सिगारेट, गायछाप मळून खाणं, आणि आपल्या बायकांची सकाळची मिश्री, सगळंच यात येतं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. ‘दात घासते फक्त’ असं म्हणून सुटका नाही.

दिवस राहणार असतील तर?

मूल हवं असं ठरवलं की आधी डॉक्टरांना सांगा. साधारणपणे एक ते तीन महिने आधी स्टॅटिन थांबवतात आणि बाळाचं अंगावरचं दूध सुटल्यावर परत सुरू करतात. नकळत दिवस राहिले आणि गोळी चालू होती, तरी घाबरून जाऊ नका. गोळी थांबवा आणि दाखवायला जा. गरोदरपणात आकडा सगळ्याच बायकांचा चढतो.

औषधं कुठे घ्यायची? खर्च कसा भागवायचा?

जनऔषधी केंद्रात साध्या नावाच्या (जेनेरिक) स्टॅटिन गोळ्या पुष्कळ स्वस्त मिळतात. दोन्ही राज्यांतल्या सरकारी आरोग्य योजना मुख्यतः दवाखान्यात भरती होऊन करायच्या उपचारांसाठी आहेत. रोजची गोळी त्यांत बसेल अशा भरवशावर राहू नका.

आपल्यापैकी कितीजण बेळगावात दाखवतात, गोळी कोल्हापुरात घेतात, आणि सुट्टीला आलेला भाऊ मिरजेहून तिसऱ्याच कंपनीची आणतो. कंपनी बदलली तर चालेल, औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम बदलता कामा नये. ते एका कागदावर देवनागरीत लिहून पाकिटाला रबरानं लावा. दुकानदार कन्नडमध्ये ‘ऊट आद मेले’ (जेवण झाल्यावर) म्हणाला की आपल्याला कळतं, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जेवणानंतर की आधी हे वाचता आलं पाहिजे.

छातीत दुखलं तर काय करायचं?

सोडा पिऊन वाट बघायची नाही. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम. बायकांत कधी फक्त धाप, मळमळ, विलक्षण थकवा. लगेच १०८. ‘एफएच आहे’ हे पहिल्यांदा सांगा, म्हणजे वय कमी आहे म्हणून कुणी गॅसची गोळी देऊन परत पाठवणार नाही. ईसीजी काढल्याशिवाय घरी येऊ नका. तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात रात्री ईसीजी होतो का, हे आजच विचारून ठेवा.

रात्री झोप येत नाही. वडिलांच्या वयाजवळ आलोय.

मला दोन वर्षं उरलीत त्या वयाला. पहिल्या वर्षी मी उशीवर डोकं ठेवलं की छातीचे ठोके मोजायची, कानात ठोका चुकला की उठून बसायची. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर तो म्हणाला, ‘मलाही झोप लागत नाही, तू उठतेस ते मला कळतं.’ त्या रात्री आम्ही दोघांनी चहा केला.

ज्याला झोपच लागत नाही, जेवण जात नाही, त्यानं डॉक्टरांना तेही सांगावं. तो आजाराचाच भाग आहे. मला जे उपयोगी पडलं ते एवढंच: वडिलांना एलडीएल हा शब्द माहीत नव्हता. त्यांचं वय माझ्यासमोर आहे, त्यांची परिस्थिती नाही.

भाऊ तपासायला तयारच नाही. काय करू?

माझा भाऊ चौदा महिने तयार नव्हता. ‘मला काय झालंय? पोत्याला हात लावतो अजून’ म्हणायचा. भांडून उपयोग झाला नाही. शेवटी एका रविवारी मी माहेरी गेले, त्याच्या पोरीला मांडीवर घेतलं आणि तिच्यासमोर त्याला म्हटलं, ‘तुझ्यासाठी नको, हिच्यासाठी चल.’ गाडीवर मागे बसून मी त्याला खानापुरात लॅबला घेऊन गेले. २४१ आलं. आता गोळी घेतो, कधी विसरतो, मी रात्री नऊला फोन करते. पोरीला पाच पूर्ण झालीत. तिचं रक्त याच दिवाळीच्या सुट्टीत द्यायचं आहे.